पाण्याला वारा घालणारी मुलगी

काचेच्या टाकीत खारं पाणी, त्यात हलणारी रंगीत प्रवाळं आणि त्यांच्यातून फिरणारे मासे, असं समुद्री मत्स्यालय तुम्ही एखाद्या हॉटेलात किंवा दवाखान्यात पाहिलं असेल. हा श्रीमंतांचा आणि बहुतेक वेळा पुरुषांचा छंद, असा आपला समज असतो. पण या टाकीचा इतिहास उघडला, की सुरुवातीलाच दोन बायका भेटतात आणि त्यांच्या मागे उभी असलेली एक मोलकरीण. आज त्या तिघींची गोष्ट सांगायची आहे.

पहिली झान विलप्रू. हिचा जन्म १७९४ साली फ्रान्समधल्या जुयाक नावाच्या खेड्यात झाला. वडील चांभारकाम करायचे. अठराव्या वर्षी ती पॅरिसला गेली आणि एका शिवणकाम करणारीच्या हाताखाली राहिली. १८१६ साली एका राजकन्येच्या लग्नाच्या पोशाखावर तिनं भरतकाम केलं आणि तिचं नाव झालं. पुढे जेम्स पॉवर या व्यापाऱ्याशी लग्न करून ती सिसिली बेटावरच्या मेसिना शहरात राहायला गेली. तिथं समुद्र दारात होता. तिनं स्वतःच्या हिमतीवर निसर्गाचा अभ्यास सुरू केला.

त्या काळी आर्गोनॉट नावाच्या प्राण्यावरून विद्वानांत वाद होता. हा आठ हातांचा प्राणी कागदासारख्या पातळ शिंपल्यात राहतो. हा शिंपला त्याचा स्वतःचा, की खेकड्यासारखा दुसऱ्याचा बळकावलेला? मेलेला प्राणी पाहून ते कळेना. झाननं १८३२ साली काचेची टाकी करून घेतली, तिच्यात समुद्राचं पाणी भरलं आणि जिवंत आर्गोनॉट सोडले. त्यांच्या शिंपल्याला तिनं मुद्दाम भोक पाडलं आणि प्राणी ते कसं बुजवतो ते पाहिलं. शिंपला त्याचा स्वतःचाच होता. १८३८ साली तिचं सामान नेणारं जहाज बुडालं आणि तिचे कितीतरी कागद, नमुने आणि चित्रं समुद्रात गेली. तरी समुद्री जीव काचेत ठेवून त्यांचं निरीक्षण करण्याची सुरुवात तिनं केली, हे रिचर्ड ओवेन या मोठ्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानं मान्य केलं.

पण मेसिनात पाणी खराब झालं तर नवं पाणी हाताशी होतं. समुद्रापासून दूर, तेच पाणी वापरून जीव जगवायचे म्हणजे वेगळीच परीक्षा. ती दिली ॲना थिन या बाईंनी.

ॲना लंडनला राहायच्या. त्यांचे यजमान वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये मोठ्या हुद्द्यावरचे धर्मगुरू होते. घरात मुलाबाळांचा गोतावळा होता. १८४६ साली त्या इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्की गावी गेल्या असता त्यांना खडकावर जिवंत प्रवाळ दिसलं. प्रवाळ म्हणजे दगडाच्या वाटीत बसलेला, फुलासारखा उमलणारा प्राणी. आपण अंगठीत घालतो ते पोवळं हे अशाच एका प्राण्याचं घर. ॲनाबाईंना ते लंडनला न्यायचं होतं. त्यांनी सुई-दोरा घेतला आणि प्रवाळ एका मोठ्या स्पंजाला टाचून टाकलं, म्हणजे चारी बाजूंनी पाणी खेळत राहील. शिवणाच्या डब्यातला उपाय, पण लागू पडला.

लंडनला पोचल्यावर पाण्याचा प्रश्न आला. समुद्राचं पाणी किनाऱ्यावरून आणवावं लागे. ते साठवलेलं पाणी प्राणी सोडल्यावर लवकर बिघडे, कारण त्यातला प्राणवायू संपे. मग ॲनाबाईंनी ठरवलं, की वापरलेलं पाणी उघड्या खिडकीशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचं. आपण गरम चहा किंवा दूध उंचावरून वर-खाली करतो, तसंच. पाण्याला वारा लागला की प्राणवायू मिसळतो. पाणी वापरलं की दर वेळी अर्धा ते पाऊण तास हे काम चाले.

आणि हे काम करायची त्यांच्या घरची एक छोटी मोलकरीण. ॲनाबाईंनी पुढे आपल्या लेखात तिचा उल्लेख केला. काम दमवणारं होतं हे त्यांनी कबूल केलं आणि पोरीला त्यात गंमत वाटायची असंही लिहिलं. तिचं नाव मात्र लिहिलं नाही. तिचे हात भरून यायचे का, गंमत खरंच वाटायची का, हे तिच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नाही. भरलेली भांडी पाऊण तास वर-खाली करून पाहा, म्हणजे अंदाज येईल.

१८४७ च्या वसंतात ॲनाबाईंनी भांड्यात जिवंत समुद्री शेवाळ ठेवलं. उजेडात शेवाळ प्राणवायू सोडतं, प्राणी तो घेतात. दोन्हींचा तोल जमला आणि त्यांचा हा छोटा समुद्र लंडनच्या घरात जवळजवळ तीन वर्षं टिकला. प्रवाळ कसं वाढतं, एकाचे अनेक कसे होतात, याची त्यांनी टिपणं ठेवली. ती १८५९ साली एका शास्त्रीय मासिकात छापून आली.

तोवर या शोधाची कीर्ती दुसरीकडे गेली होती. १८४५ साली ब्रिटनमध्ये काचेवरचा कर उठला होता आणि काच स्वस्त झाली होती. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. १८५४ साली फिलिप गॉस या निसर्ग-अभ्यासकाचं पुस्तक आलं आणि ‘ॲक्वेरियम’ हा शब्द घरोघरी गेला. दिवाणखान्यात टाकी असणं ही फॅशन झाली. समुद्राचं पाणी आणि समुद्रफुलं विकणारी दुकानं निघाली. लोक हातोडे आणि छिन्न्या घेऊन किनाऱ्यावर उतरले. आणलेले बहुतेक जीव थोड्याच दिवसांत मरत, म्हणजे पुन्हा नवे आणायचे. गॉसचा मुलगा एडमंड यानं १९०७ साली आपल्या आत्मचरित्रात खंतावून लिहिलं, की वडिलांच्या पुस्तकांनी लोकांना वेड लावलं आणि लहानपणी पाहिलेली ती खडकातली फुललेली डबकी ओरबाडली गेली.

म्हणजे बघा, टाकी विकत मिळत होती. रोजची निगा विकत मिळत नव्हती. निगा चुकली आणि तिची किंमत समुद्रानं मोजली.

ॲनाबाईंचं प्रवाळ थंड पाण्यातलं, एकेकटं राहणारं होतं. उष्ण समुद्रातली, मोठमोठे खडक उभारणारी प्रवाळं घरच्या टाकीत जगवणं याहून अवघड. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं आणि उजेडात तेच त्यांना अन्न पुरवतं. १९६१ साली जकार्त्याचे ली चिन एंग यांनी आपली साधी रीत एका अमेरिकन मासिकात मांडली. समुद्राचं पाणी, ऊन, हवेचे बुडबुडे आणि समुद्रातून आणलेले जिवंत दगड. दगड जिवंत म्हणजे त्यांच्यावर आणि छिद्रांत असंख्य जिवाणू असतात. माशांच्या विष्ठेतून अमोनिया हे विष तयार होतं. हे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच सौम्य असं नायट्रेट करतात. दुधाला विरजण, तसा टाकीला हा दगड. आणि विरजणासारखीच इथेही घाई चालत नाही. नव्या टाकीत हे जिवाणू वाढून बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासा सोडायचा नाही. पहिल्या टाकीतले मासे मरतात ते बहुधा याच घाईनं.

पुढची निगा म्हणजे स्वयंपाकघरातला हिशेबच आहे. एका लिटरला सुमारे ३५ ग्रॅम समुद्री मीठ. जेवणातलं मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असे इतर क्षारही लागतात. २०० लिटरच्या टाकीला अंदाजे सात किलो मीठ लागतं. आठवड्याला २० लिटर पाणी बदललं तर दर खेपेला ७०० ग्रॅम. टाकीतलं पाणी उडून कमी झालं, तर भर घालायची ती गोड्या शुद्ध पाण्याची, कारण पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. तापमान २४ ते २७ अंश. आपल्या उन्हाळ्यात ते राखायला पाणी थंड करणारं यंत्र लागतं. पाणी फार तापलं की प्रवाळ अंगातलं शेवाळ टाकून देतं आणि पांढरं पडतं.

आणि वीज गेली तर? पंप थांबतो, पाण्यातला प्राणवायू कमी होऊ लागतो. बॅटरीचा पंप नसेल, तर जाणकार सांगतात, मग घ्या आणि टाकीतलं पाणी उचलून उंचावरून पुन्हा टाकीतच ओतत राहा. पावणेदोनशे वर्षं झाली, यंत्रं आली, तरी शेवटचा उपाय त्या बिननावाच्या मुलीचाच आहे.

आता आपल्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडे मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहे. पण भारतात २००१ पासून खडक उभारणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. वाघाला जो वर्ग, तोच त्यांना. समुद्रातून प्रवाळ काढणं किंवा ते विकणं हा गुन्हा आहे. हौस असेल तर प्रवाळाविना, हौदात पैदास केलेल्या माशांची टाकी करावी. क्लाउनफिश या नारिंगी-पांढऱ्या माशाची पैदास आपल्या शास्त्रज्ञांनी केली आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर तर सरकारी संशोधन संस्थेनं तिथल्या बायकांना टाकीसाठीची शोभिवंत कोळंबी वाढवायला शिकवलं. पाणी तपासणं, बदलणं, पिलं सांभाळणं ही सगळी कामं त्या करतात आणि त्या कामाचा मोबदला त्यांच्या हातात पडतो. खिडकीशी उभ्या असलेल्या त्या मुलीच्या कामाला निदान इथे तरी नाव आणि दाम मिळालं.

पुढच्या वेळी अशी चमचमती टाकी दिसली, तर मासे जरूर बघा. आणि एक प्रश्नही विचारा, हिचं पाणी कोण बदलतं?