घड्याळ उसनं मागणारा

1848 सालचा मे महिना. न्यूयॉर्कमध्ये टॉमस मॅक्डोनाल्ड नावाच्या गृहस्थांना एक झकपक कपड्यांतला माणूस भेटला आणि जुनी ओळख असल्यासारखा बोलू लागला. चार इकडच्या-तिकडच्या गप्पा झाल्यावर त्याने विचारलं, तुमचं घड्याळ उद्यापर्यंत माझ्याकडे ठेवायला द्याल, एवढा विश्वास आहे का माझ्यावर? मॅक्डोनाल्डनी 110 डॉलरचं सोन्याचं घड्याळ काढून दिलं. कुणी हिसकावलं नाही, खिसा कापला नाही. नाही म्हणणं म्हणजे समोरच्याला तोंडावर चोर म्हणणं, आणि ते भल्या माणसाला जमत नाही. भामट्याने बरोबर तीच भीड पकडली होती.

पुढच्या वर्षी जुलैत लिबर्टी स्ट्रीटवर मॅक्डोनाल्डना तोच माणूस दिसला आणि त्यांनी त्याला पोलिसांच्या हवाली केलं. विल्यम थॉम्पसन हे त्याच्या अनेक नावांपैकी एक. ‘न्यूयॉर्क हेराल्ड’ने बातमी छापताना त्याला ‘कॉन्फिडन्स मॅन’ म्हटलं आणि ते नाव लोकांच्या तोंडी बसलं. हर्मन मेलव्हिलने त्याच नावाची कादंबरी लिहिली. मिसिसिपी नदीतल्या आगबोटीवर एप्रिल फूलच्या दिवशी घडणारी ही कादंबरी 1857 साली 1 एप्रिललाच प्रसिद्ध झाली. पुढे ‘कॉन्फिडन्स’ झिजून ‘कॉन’ उरला आणि शतक संपता संपता त्याचं क्रियापदही झालं.

या कुळामुळेच ‘कॉन’ कुठेही वापरून चालत नाही. वजनात मारणारा दुकानदार ‘चीट’ करतो. आधी गोड बोलून आपलासा होतो आणि मग आपल्याच हाताने द्यायला लावतो, तो ‘कॉन’ करतो. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. फसलेल्या माणसाला जग मूर्ख ठरवून मोकळं होतं. या शब्दात मात्र त्याने टाकलेला विश्वास, म्हणजेच ‘कॉन्फिडन्स’, शाबूत आहे.

आपली गाडी अडते ती या क्रियापदांमागून येणाऱ्या बारक्या शब्दांपाशी. ‘मला पाच हजारांना फसवलं’ हे मराठी वाक्य डोक्यात असलं की इंग्रजीत ‘फॉर फाइव्ह थाउजंड’ किंवा ‘फ्रॉम’ येतं. तिथे हवं ‘आउट ऑफ’: ‘ही कॉन्ड मी आउट ऑफ फाइव्ह थाउजंड’. आपल्याकडून जे गेलं, ते ‘आउट ऑफ’च्या पुढे येतं, मॅक्डोनाल्डच्या बाबतीत ते घड्याळ. आपल्याला जे करायला लावलं, त्याच्याआधी ‘इंटू’: ‘ट्रिक्ड इंटू साइनिंग’. इथे ‘टू साइन’ चालत नाही. ‘ट्रिक’ आणि ‘कॉन’ या दोघांनाही हे दोन्ही शब्द लागतात; ‘चीट’ला मुख्यतः ‘आउट ऑफ’.

‘टेक इन’ हे ‘कॉन’हून जुनं, अठराव्या शतकातलं. ते बहुधा कर्मणी येतं: ‘आय वॉज टेकन इन बाय हिज मॅनर्स’. वागण्याला भुललो, एवढंच ते सांगतं; पैसे गेलेच असं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन बोलीत रुळलेलं ‘फॉल फॉर’ नेमकं उलट. तिथे फसणारा स्वतःच कर्ता असतो: ‘आय फेल फॉर इट’. आपल्या ‘मी फसलो’ला ते सगळ्यात जवळचं आहे. मात्र ‘फॉर’नंतर थाप, युक्ती, बहाणा असं काहीतरी हवं. तिथे माणसाचं नाव घातलं, तर तुम्ही त्याच्या प्रेमात पडलात असा अर्थ होतो.

बँकेला किंवा पोलिसांना इंग्रजीत तक्रार लिहिताना हे फार कामाचं आहे. नुसतं ‘आय वॉज चीटेड’ म्हटलं तर काय झालं ते कळत नाही. बँकेचा माणूस असल्याचं भासवून कुणी ओटीपी काढून घेतला असेल, तर लिहावं: ‘आय वॉज ट्रिक्ड इंटू शेअरिंग माय ओटीपी अँड कॉन्ड आउट ऑफ माय सेव्हिंग्ज.’ आपल्याकडून काय करवून घेतलं आणि आपलं काय गेलं, दोन्ही त्यात येतं.