कल्याण-भिवंडीची लुप्त गोदी
उल्हास खाडीकाठचा शिवकालीन जहाजकारखाना. राहनाळ गावासह भिवंडीचा आज गोदामांनी व्यापलेला टापू ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांच्या ताब्यात आला. १६५९ च्या सुमारास येथे लढाऊ गलबते बांधली जात होती. कामावरचा पोर्तुगीज कारागीर रुई लैतांव व्हिएगस पुढे वसईकर पोर्तुगीजांच्या सांगण्यावरून निघून गेला. गोदीची जागा म्हणून परंपरा कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याखालचा काठ दाखवते. पण किल्ला म्हणजे गोदी नव्हे. शोधायचा तो भरतीचे पाणी पोहोचणारा, लाकूड उतरवता येईल असा उतरता काठ. विजयदुर्गजवळची वाघोटण खाडीतील गोदी खडक तासून केलेली, म्हणून टिकली. इथल्या गाळात मात्र माग काढायचा तो लोखंडी खिळ्यांचा आणि नीरमाच्या (जहाज स्थिर राहावे म्हणून तळाशी भरायच्या) दगडांचा, तोही रेतीउपसा व भराव यांतून जे वाचले असेल त्यातून.