वऱ्हाडातील सिकलसेल आणि अपघात विभागातील पहिला तास

वऱ्हाड-नागपूर भागातील सिकलसेल रोगाचा इतिहास आजवर बहुधा सर्वेक्षणांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. शिकागोच्या हेरिक यांनी १९१० साली ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. भारतात १९५२ साली लेहमान व कटबुश यांना त्या निलगिरीतील आदिवासींत आढळल्या. आणि १९५८ साली शुक्ला व सोळंकी यांचा मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा वृत्तांत ‘लॅन्सेट’मध्ये आला, तेव्हापासून विदर्भाचे नाव या रोगाशी जोडले गेले. पुढील अभ्यासकांनी कोणत्या जातिजमातीत वाहकांचे प्रमाण शेकडा किती, हे मोठ्या चिकाटीने मोजले. परंतु ज्याच्या रक्ताचा नमुना घेतला, तो मध्यरात्री वेदनांनी तळमळत रुग्णालयाच्या दारी आला असता पुढे काय होते, हा प्रश्न या वाङ्मयात फार उशिरा अवतरतो.

या उपेक्षेचे मूळ अंशतः रोगाच्या स्वरूपातच आहे. प्राणवायू कमी पडताच विकृत हिमोग्लोबिनाचे रेणू एकमेकांस जुळून लांब तंतू बनतात, पेशी ताठरते, सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबतात आणि पलीकडील अस्थी व स्नायूंचा रक्तपुरवठा खुंटतो. बाहेर जखम नसते. क्ष-किरणचित्रही पुष्कळदा निर्दोष दिसते. ज्या कक्षास लोक ‘अपघात विभाग’ म्हणतात त्याचे नावच त्याची दृष्टी सांगते. तेथे फुटलेले डोके आधी पाहिले जाते, आणि ते योग्यही आहे. मात्र ज्याच्या दुखण्यास त्याच्या शब्दांवाचून दुसरा पुरावा नाही, असा तरुण मागे राहतो. वारंवार मॉर्फिन मागणारा व्यसनीच असावा, हा संशय पाश्चात्त्य रुग्णालयांतही अशा रुग्णांच्या वाट्याला आला.

भारतात त्यात कायद्याची भर पडली. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक अधिनियमानंतर मॉर्फिन बाळगण्यासाठी लागणारे निरनिराळे परवाने इतके जाचक झाले की अनेक रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. २०१४ च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक अंमली औषधे’ असा स्वतंत्र वर्ग करून ही अडचण पुष्कळशी दूर केली. इंग्लंडमध्ये २०१२ साली अशा रुग्णास अर्ध्या तासात वेदनाशामक द्यावे असे ठरले होते. अमेरिकेतील २०१४ च्या मार्गदर्शनाने नोंदणीपासून एका तासाची मर्यादा घातली, आणि २०२० मध्ये तेथील रक्तविकारतज्ज्ञांच्या संस्थेने दर अर्ध्या ते एका तासाने वेदना पुन्हा तपासावी अशी पुस्ती जोडली. अर्थात घाई केवळ वेदनेपुरती नाही. ज्वर असलेल्या बालकास त्वरित प्रतिजैविक हवे. छातीत दुखून धाप लागली तर फुप्फुसाचा जीवघेणा उपद्रव गृहीत धरावा. एकाएकी पांढरे पडून पोट फुगले तर प्लीहेत रक्त साठल्याची शंका घ्यावी. नुसत्या वेदनेसाठी मात्र रक्त चढविण्याचे कारण नाही.

अमरावतीपुरते पाहता अंतराचा प्रश्न खराच आहे. बडनेरा मार्गावरील राजापेठेतून जिल्हा रुग्णालय जवळ. मेळघाटातील धारणीहून ते शंभर किलोमीटरांहूनही दूर. तरीही वर सांगितलेला तास दाराशी पोहोचल्यावर सुरू होतो, आणि तो दोघांचाही सारखाच. त्या तासात साधी विद्राव्यता-चाचणी फारशी उपयोगी नाही, कारण वाहक कोण व रुग्ण कोण हे तिच्यावरून उमगत नाही. रुग्णाजवळचे पूर्वनिदानाचे कार्ड तेथे अधिक मोलाचे. सर्वेक्षणांचा रुग्णास लाभ व्हावयाचा तो येथेच.

नागपूरच्या बालरुग्णांवर झालेल्या व २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हायड्रॉक्सियुरियाच्या अल्प मात्रेनेही वेदनेचे झटके घटल्याचे दिसले. म्हणजे अपघात विभागाची कित्येक वारी टाळता येते. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे आरंभिलेल्या राष्ट्रीय मोहिमेने सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले. ही मोजणीच होय, फक्त फार मोठी. तिच्याच जोडीला प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आगमनाची वेळ आणि वेदनाशामकाच्या पहिल्या मात्रेची वेळ एकाच ओळीत लिहिली गेली, तर १९५८ पासून चालत आलेल्या या आकडेवारीत रुग्णाच्या बाजूचा पहिला आकडा दाखल होईल.