भूजल, रेडिओतरंग आणि एका शतकाचा शोध

भूजलाच्या उपशात भारत जगात पहिला आहे. वर्षाकाठी सुमारे 240 अब्ज घनमीटर पाणी देश जमिनीतून काढतो आणि त्यातील बहुतांश शेतीला जाते. हे पाणी शोधण्याची धडपडही तितकीच जुनी आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’च्या दकार्गल प्रकरणात वारुळे, वृक्ष आणि मातीचे रंग यांवरून पाण्याचा ठाव घेण्याच्या खुणा नोंदवल्या. गावोगावचे पाणाडे आजही हातात नारळ किंवा दुबेळकी फांदी घेऊन शिवार धुंडाळतात. अशा देशात जमिनीच्या आत पाहणारे रडार, म्हणजेच ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार किंवा जीपीआर, अवतरले की त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा केली जाते. हे यंत्र नेमके काय मोजते, याचे उत्तर त्याच्या इतिहासात आहे.

1910 साली गॉटहेल्फ लाइमबाख आणि हाइनरिश ल्योवी या दोघांनी जर्मनीत एक पेटंट घेतले. उभ्या विवरांत अँटेना सोडून रेडिओतरंगांच्या साहाय्याने जमिनीतील वाहक भाग ओळखावेत, अशी ती कल्पना होती. भूपृष्ठावरून सोडलेला तरंग खालच्या भूजलावरून किंवा धातुखनिजावरून परावर्तित होईल, हा विचारही त्यांनी मांडला होता. म्हणजे पाण्याचा शोध हा या तंत्राचा मूळ हेतूंपैकीच एक होता. 1926 मध्ये ह्युल्सेनबेक यांनी अखंड तरंगाऐवजी स्पंद वापरण्याची पद्धत सुचवली.

यश मात्र आधी बर्फावर मिळाले. 1929 साली डब्ल्यू. स्टर्न यांनी ऑस्ट्रियातील एका हिमनदीची खोली रेडिओतरंगांनी मोजली. पुढे ध्रुवीय बर्फावर हे तंत्र विकसित झाले. थंड, शुद्ध बर्फ रेडिओतरंगांना जवळजवळ पारदर्शक असतो. माती तशी नसते. मातीत पाणी असते, क्षार असतात, चिकण कण असतात आणि हे सारे तरंगाच्या वाटेत येतात.

पण याच अडथळ्यात पाणी मोजण्याची किल्ली दडलेली होती. पदार्थाचा डायलेक्ट्रिक स्थिरांक जितका मोठा, तितका तरंग त्यातून सावकाश जातो. हवेसाठी हा आकडा 1 आहे, कोरड्या वाळूसाठी साधारण 3 ते 5 आणि पाण्यासाठी सुमारे 80. त्यामुळे मातीत थोडी ओल वाढली तरी तरंगाचा वेग लक्षणीय घटतो. 1980 साली कॅनडातील टॉप, डेव्हिस आणि अ‍ॅनन यांनी निरनिराळ्या मातींवर प्रयोग करून हा स्थिरांक आणि मातीतील पाण्याचे प्रमाण यांना जोडणारे समीकरण प्रसिद्ध केले. एक मीटर खोलीवरच्या थरापर्यंत जाऊन परत येण्यास तरंगाला 21 नॅनोसेकंद लागले, तर या समीकरणानुसार मातीच्या घनफळात सुमारे 19 टक्के पाणी आहे. सिंचनानंतर त्याच वाटेला 30 नॅनोसेकंद लागले, तर हे प्रमाण सुमारे 35 टक्के झाले आहे. रडारला पाणी दिसत नाही, त्याला उशीर कळतो. त्या उशिराचे पाण्यात रूपांतर माणसाच्या समीकरणाने होते.

योगायोग असा की, 1980 सालीच व्हॅन गेनुख्तेन यांनी माती पाणी किती घट्ट धरून ठेवते आणि किती वेगाने वाहू देते, हे मांडणारी सूत्रे दिली. त्यानंतरच्या दशकांत संशोधकांनी या दोन धाग्यांची गाठ घातली. शेताला पाणी देऊन ओलीची आघाडी खाली सरकत असताना त्याच जागी पुनःपुन्हा रडार फिरवायचे आणि मिळालेल्या वेळांशी जुळतील अशी मातीची जलीय वैशिष्ट्ये गणिताने शोधायची, ही ती रीत. तिच्यामुळे खड्डा न खणता जमिनीच्या पाणी मुरवण्याच्या क्षमतेचा अंदाज येतो.

मर्यादा मात्र पदार्थविज्ञानानेच घातलेल्या आहेत. हिमाचल प्रदेशातील छोटा शिग्री हिमनदीवर 2009 साली याच तत्त्वाने अडीचशे मीटरांहून अधिक जाडीचा बर्फ मोजला गेला. कोरड्या वाळूत रडार काही दशक मीटरांपर्यंत पोहोचू शकते. दख्खनच्या ओल्या काळ्या मातीत मात्र चिकण कणांच्या विद्युतवाहकतेमुळे तरंग अनेकदा मीटरभरातच विरतो. खारे भूजलही त्याला तसेच अडवते. बारीक कणांच्या मातीत केशाकर्षणाने पाणी वर चढलेले असते, त्यामुळे तिथे भूजलपातळीची रेषाही पुसट होते.

म्हणूनच शेकडो मीटर खोल बोअरवेलचा निर्णय या रडारवर सोपवता येत नाही. 2021 साली राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने राजस्थान, गुजरात, पंजाब आणि हरियाणाच्या शुष्क प्रदेशांसाठी हेलिकॉप्टरमधून सर्वेक्षण हाती घेतले, तेव्हा सुमारे 500 मीटर खोलीपर्यंतचे चित्र मिळवण्यासाठी वेगळी विद्युतचुंबकीय पद्धत वापरली. जीपीआरचे खरे क्षेत्र उथळ आहे: मुळांजवळची ओल, वापसा, पुनर्भरणाच्या तलावाखालचा वाळूचा थर. कर्ज काढून बोअर घेणाऱ्या शेतकऱ्याला पाण्याची हमी देणारे यंत्र कुणी दाखवले, तर दोन प्रश्न विचारायलाच हवेत: तरंग किती खोल पोहोचला, आणि इथली माती कोणती?