सुसेने रायझरएफएस का सोडली?

लिनक्सवाल्यांच्या गप्पांत एक कथा हमखास निघते: हान्स रायझरला पत्नीच्या खुनासाठी अटक झाली आणि लिनक्स वितरण बनवणाऱ्या सुसेने त्याची रायझरएफएस ही फाइल सिस्टिम (डिस्कवरच्या फाइलींची मांडणी सांभाळणारी यंत्रणा) टाकून दिली. कागद समोर ठेवले की हा क्रम टिकत नाही. डिफॉल्ट म्हणून रायझरएफएसऐवजी एक्स्ट३ घ्यावी, हा सुसेतल्या जेफ महोनीचा लेखी प्रस्ताव १४ सप्टेंबर २००६ चा आहे. रायझरची अटक १० ऑक्टोबरची.

पण तेवढ्यावर निकाल देता येत नाही. रायझरपासून वेगळी राहणारी त्याची पत्नी ३ सप्टेंबरलाच बेपत्ता झाली होती. ४ ऑक्टोबरला महोनीने खुलासा केला, की रायझरमागे लागलेल्या चौकशीशी प्रस्तावाचा संबंध नाही, वेळ निव्वळ योगायोगाने जुळली. आता ज्याच्या हेतूवर शंका, त्या महोनीचाच खुलासा. त्याला किती वजन द्यायचे? त्यापेक्षा प्रस्तावातली कारणे तपासावीत. अनेक प्रोसेसरांच्या यंत्रांवर रायझरएफएस अडखळते, एसीएल (फाइल कोणाला उघडता येईल याच्या याद्या) वापरले की मंदावते, तिच्यावर काम करणारे मोजकेच आणि तेही घटत चाललेले. पत्नी बेपत्ता झाल्यापासून प्रस्तावापर्यंतच्या अकरा दिवसांत उद्भवणारे हे रोग नव्हेत.

सर्वांत बोलके कारण रायझर४ चे. रायझरच्या नेमसिस कंपनीचे लक्ष या नव्या आवृत्तीकडे होते. २००४ मध्ये ती आली, पण लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, तिला जागा मिळाली नाही. शिवाय तिच्यावर जायचे तर सगळा डेटा दुसरीकडे हलवा, डिस्क फॉरमॅट करा, मग परत आणा. याउलट आधीच्या एक्स्ट२ वरून एक्स्ट३ वर जायला ‘ट्यूनटूएफएस’ची एक कमांड पुरे: जर्नल (बदलांची नोंदवही) जोडले जाते, फाइली जागच्या हलत नाहीत. सर्व्हर चालवणारी गिऱ्हाइके सांभाळणाऱ्या कंपनीने दुसरे काय निवडले असते?

रायझरएफएस टाकाऊ होती असे मात्र नव्हे. जानेवारी २००१ मध्ये, २.४.१ या आवृत्तीत, मुख्य कर्नलमध्ये शिरलेली ती पहिली जर्नलिंग फाइल सिस्टिम. छोट्या फाइलींची शेपटे, म्हणजे टोकाचे उरलेले तुकडे, एकत्र बांधून ती जागाही वाचवी.

कथा रुजली ती बहुधा पुढच्या तारखेमुळे. नोव्हेल ही सुसेची तेव्हाची मालक कंपनी. तिचा एक्स्ट३ चा निर्णय १२ ऑक्टोबरचा, म्हणजे अटकेनंतर दोनच दिवसांनी. डिसेंबरमधल्या ओपनसुसे १०.२ मध्ये डिफॉल्ट बदलला. ‘टाकून दिली’ हेही खरे नाही: रायझरएफएस पर्याय म्हणून पुढेही मिळत राहिली, आणि मुख्य कर्नलमधून तिचा कोड निघाला तो थेट जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ६.१३ या आवृत्तीत.