अकबाचा ध्वज: एका विजयाची आणि एका फसवणुकीची खूण

१/ तांबड्या समुद्राच्या ईशान्य टोकाशी अकबाचे आखात निमुळते होत जाते. तेथेच जॉर्डनचे एकमेव सागरी बंदर वसले आहे. अकबाच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या प्रवाशाची नजर प्रथम जाते ती सुमारे १३० मीटर उंचीच्या ध्वजस्तंभाकडे. आखातापलीकडच्या इस्रायल आणि इजिप्तच्या किनाऱ्यांवरूनही हा ध्वज दिसतो.

२/ ध्वज नीट न्याहाळला की जाणकार प्रवासी थबकतो. जॉर्डनच्या राष्ट्रध्वजात लाल त्रिकोणावर सात टोकांचा पांढरा तारा असतो. येथे तारा नाही. पट्ट्यांचा क्रमही वेगळा: वर काळा, मध्ये हिरवा, खाली पांढरा. हा ध्वज जॉर्डनचा नव्हेच. तो पहिल्या महायुद्धातील अरब उठावाचा आहे. देशाच्या एकमेव बंदरावर दुसराच ध्वज का फडकावा?

३/ जून १९१६ मध्ये मक्केचे शरीफ हुसेन बिन अली यांनी ऑटोमन सत्तेविरुद्ध उठाव केला. त्यामागे इजिप्तमधील ब्रिटिश उच्चायुक्त हेन्री मॅकमोहन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार होता. हिमालयातील मॅकमोहन रेषेला ज्यांचे नाव आहे, तेच हे मॅकमोहन. उठावाच्या बदल्यात स्वतंत्र अरब राज्याला पाठिंबा, असे आश्वासन त्या पत्रांत होते. मात्र त्या राज्याच्या सीमा संदिग्ध ठेवल्या गेल्या.

४/ ब्रिटिशांना या उठावाची निकड होती. २९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियातील कुत येथे पुण्याचे नाव धारण करणाऱ्या सहाव्या डिव्हिजनने, तीतील मराठा पलटणींसह, ऑटोमन सैन्यापुढे शरणागती पत्करली होती. वेढा उठावा म्हणून ऑटोमन सेनापतीला लाखो पौंड देऊ करण्यासाठी जे अधिकारी धाडले गेले, त्यांत एक तरुण होता: टी. ई. लॉरेन्स. पैसा नाकारला गेला. पुढे हाच लॉरेन्स अरबांच्या छावणीत दिसतो.

५/ आता ध्वजाचे रंग. काळा अब्बासींचा, पांढरा उमय्यांचा, हिरवा फातिमींचा आणि लाल हाशिमी घराण्याचा, असा त्यांचा प्रचलित अर्थ. इस्लामी इतिहासातील परस्परविरोधी राजघराणी एका कापडावर एकत्र आणण्याची ही कल्पना होती.

६/ या ध्वजाच्या रचनेचे श्रेय अनेकदा ब्रिटिश मुत्सद्दी मार्क साइक्स यांना दिले जाते. अभ्यासकांत यावर मतभेद आहेत. हे रंग अरब राष्ट्रवादी मंडळांत आधीपासून रूढ होते, याकडेही लक्ष वेधले जाते. पण साइक्स यांचे नाव आले की दुसरा कागद आठवतोच: मे १९१६ चा साइक्स-पिको करार. त्यात ब्रिटन आणि फ्रान्स यांनी ऑटोमन अरब प्रदेश गुपचूप आपसांत वाटून घेतले होते.

७/ ६ जुलै १९१७ रोजी अकबा अरबांच्या हाती आले. शरीफ नासिर, हुवैतात टोळीचे औदा अबू तायी आणि लॉरेन्स हे मोहिमेत अग्रभागी होते. मे महिन्यात लहानशी तुकडी घेऊन ते निघाले, वाळवंटाला मोठा वळसा घातला आणि वाटेत टोळ्यांना सामील करून घेत शहराच्या पाठीमागून आले.

८/ 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' (१९६२) या चित्रपटामुळे समुद्राकडे रोखलेल्या तोफा आणि शहरावर तुटून पडणारे स्वार हेच चित्र लोकांच्या मनात ठसले. वस्तुतः निर्णायक लढाई २ जुलैला, शहरापासून दूर, अबू अल-लिसान येथे झाली. अकबाची शिबंदी त्यानंतर फारसा प्रतिकार न करता शरण आली. चित्रपटातले अकबा तर स्पेनच्या किनाऱ्यावर उभारले होते.

९/ विजयाला सहा महिनेही लोटले नव्हते. नोव्हेंबर १९१७ मध्ये बाल्फोर जाहीरनामा प्रसिद्ध झाला आणि त्याच महिन्यात बोल्शेविकांनी साइक्स-पिको करार उघड केला. जुलै १९२० मध्ये फ्रेंच फौजांनी हुसेन यांचे पुत्र फैसल यांची दमास्कसमधील राजवट मोडून काढली.

१०/ स्वतः हुसेन यांचे काय झाले? इब्न सौद यांच्या आक्रमणामुळे १९२४ मध्ये त्यांनी हेजाझची गादी सोडली आणि ते अकबाला आले. १९२५ मध्ये ब्रिटिशांनी त्यांना तेथूनही हलवून सायप्रसला धाडले. ज्या बंदराच्या विजयाने त्यांच्या उठावाला जगात मान मिळाला, तेथूनच ते निर्वासनात गेले. त्याच वर्षी अकबा त्यांचे दुसरे पुत्र अब्दुल्ला यांच्या ट्रान्सजॉर्डनला जोडले गेले.

११/ स्तंभावरच्या ध्वजाचा उलगडा येथे होतो. जॉर्डनवर आजही हाशिमी घराणेच राज्य करते आणि या घराण्याचा दावा उठावाच्या वारशावर उभा आहे. जॉर्डन, पॅलेस्टाइन, कुवेत, संयुक्त अरब अमिराती, सुदान यांच्या ध्वजांत तेच चार रंग आहेत. ज्या एका राज्यासाठी ते रंग एकत्र आणले, ते मात्र कधीच अस्तित्वात आले नाही.

१२/ स्तंभाजवळच जुना मामलुक किल्ला आहे. त्याच्या दारावर हाशिमी राजचिन्ह आहे आणि लगत शरीफ हुसेन यांचे निवासस्थान. अकबाला जाणाऱ्याने ध्वजाचे छायाचित्र जरूर घ्यावे. पण मग मान खाली करून त्या घराकडेही पाहावे. ध्वज विजयाची गोष्ट सांगतो. त्या विजयाची किंमत कोणी मोजली, ते त्या घरापाशी उमगते.