दायमाबादचा रथ आणि एक टक्का आर्सेनिक

पनवेलच्या सराफाकडे जुनी बांगडी मोडायला नेली की पूर्वी तो ती कसोटीच्या दगडावर घासायचा. आता बऱ्याच दुकानांत बांगडी एका पेटीत ठेवतात आणि मिनिटाभरात सोनं ९१६ आहे की नाही ते पडद्यावर दिसतं. ती पेटी म्हणजे आपला एक्सआरएफ. घासणं नाही, कापणं नाही. बांगडीसाठी ही नुसती सोय झाली, पण पुढच्या वस्तूंना कुणी कानस लावू देणार नाही.

१९७४ साली प्रवरेकाठच्या दायमाबादला, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, गावातल्या एकाला खणताना चार धातूच्या वस्तू सापडल्या: बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकूण वजन ६० किलोच्या वर. म. न. देशपांडे, एस. आर. राव आणि सा. आ. साळी यांनी त्या उत्तर हडप्पाकालीन, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या. डी. पी. अग्रवाल यांनी मात्र मूलद्रव्यांच्या विश्लेषणावर बोट ठेवलं. यात आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त आहे, इतर ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत असं मिश्रण दिसत नाही, तेव्हा या वस्तू बऱ्याच नंतरच्या, ऐतिहासिक काळातल्या असाव्यात, असं त्यांचं म्हणणं. एका टक्क्यावर हजारेक वर्षांचा फरक!

समजा, हाच टक्का तुम्हाला एक्सआरएफवर काढायचा आहे. एक्स-रे अणूतला आतला इलेक्ट्रॉन उडवतो, वरचा इलेक्ट्रॉन त्या जागी उतरतो आणि उरलेली ऊर्जा एक्स-रे होऊन बाहेर येते. ही ऊर्जा अणुक्रमांकानुसार ठरते हे १९१३ मध्ये हेन्री मोझलीने दाखवलं. (दोन वर्षांनी तो गॅलिपोलीच्या लढाईत गेला. वय २७. पीएचडीच्या वयात हे वाचलं की जरा गप्प व्हायला होतं.) तांब्याची मुख्य रेषा ८.०५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला येते. आर्सेनिकची के-अल्फा १०.५४ ला. आणि शिशाची एल-अल्फा? १०.५५ ला!

जुन्या कांस्यात शिसं असणं अगदी नेहमीचं. सॉफ्टवेअर बिनधास्त 'आर्सेनिक' लिहून मोकळं होतं. म्हणून १२.६ जवळची शिशाची एल-बीटा आणि ११.७ जवळची आर्सेनिकची के-बीटा स्वतः डोळ्यांनी बघा. एल-बीटा ठळक आणि के-बीटा गायब असेल, तर तुमचं आर्सेनिक बहुधा शिसंच आहे.

दुसरी गोष्ट खोलीची. आर्सेनिकचे हे किरण तांब्यातून फार तर वीसेक मायक्रॉनवरून बाहेर येतात. केसाच्या जाडीपेक्षाही कमी. गंजाचा थर त्याहून जाड असू शकतो. शिवाय ओतकाम थंड होताना आर्सेनिक पृष्ठभागाकडे गोळा होतं. म्हणजे वर दोन टक्के दिसले तरी आत तेवढे असतीलच असं नाही. 'वस्तूला धक्का न लावता' याची ही किंमत आहे, आणि प्रबंधात ती लिहावी लागते.

बरं, आकडा अगदी बरोबर आला असं धरू. मोहेंजो-दडोच्या काही तांब्याच्या वस्तूंतही आर्सेनिक आढळलेलं आहे. मग तुलना कुणाशी करायची, दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन गावांशी की सिंधू खोऱ्याशी? हे डिटेक्टर सांगत नाही. वस्तू उत्खननाच्या थरात सापडल्या असत्या तर प्रश्न बराच सोपा झाला असता. त्या निघाल्या गावकऱ्याच्या कुदळीने, आणि कालनिर्णयाचा वाद अजून मिटलेला नाही.